खायचं घड्याळ

आमच्या पेण-रोह्याच्या पट्ट्यात साखर ही तशी पाहुणीच. इथं पिकतं भात, खारेपाटात तयार होतं मीठ आणि खाडीत मिळते मासळी. ऊस म्हणावा तर तुळशीच्या लग्नाला लागणाऱ्या दोन कांड्यांपुरता. त्यामुळे आमचं गोडधोड जुन्या काळापासून गुळाचं, नारळाचं आणि तांदळाचं. मोदक घ्या, पातोळे घ्या, खांडवी घ्या, सगळ्यांत गूळच. साखर यायची ती घाटावरून बोरघाट उतरून, नाहीतर मुंबईहून धरमतरच्या खाडीमार्गे. दुसऱ्या महायुद्धात ती रेशनवर गेली आणि पुढेही अनेक वर्षं रेशनकार्डाची आणि साखरेची जोडी सुटली नाही. माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, आमच्या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर असे. पाहुणा आला तरच तो खाली उतरायचा. घरच्या माणसांचा चहा गुळाचा.

अशा मुलखात नुसत्या साखरेची, तीही रबरासारखी ताणली जाणारी आणि वर तिचं खेळणं करून देणारी मिठाई दारात येते म्हटल्यावर काय होत असेल, ते आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही.

मिठाईवाला यायचा तो खांद्यावर एक जाड बांबू टाकून. बांबू पुरुषभर उंचीपेक्षा जास्त. वरच्या टोकाला एक लाकडी बाहुली, तिला घागरा-चोळी, आणि दोन्ही हातांत छोट्या पितळी झांजा. बाहुलीला बांधलेली दोरी बांबूच्या आतून खाली आलेली असे. ती ओढली की झांजा वाजायच्या, छन् छन् छन्. बाहुलीच्या खाली बांबूला गुंडाळलेला मिठाईचा भलाथोरला गोळा, पांढरा आणि त्यावर गुलाबी, पिवळे, हिरवे पट्टे. वरून ओलसर फडकं, पुढे पुढे प्लास्टिकचा कागद. आम्ही त्या माणसाला 'झांजवाला' म्हणत असू आणि मिठाईला नुसतं 'घड्याळ', कारण बहुतेक पोरं घड्याळच मागायची.

आता हे घड्याळ कसं व्हायचं ते सांगतो. तो बांबू जमिनीवर उभा टेकवायचा, फडकं बाजूला करायचा आणि गोळ्यातून दोन बोटांनी एक पट्टी ओढायचा. पट्टी तुटत नसे, नुसती लांबत जायची. मग तिचं एक टोक चिमटीत धरून गोल वळसा घातला की झाली तबकडी. गुलाबी पट्टीतला बारीक धागा काढून त्याचे दोन काटे. बाजूला एक टिकली म्हणजे किल्ली. दोन्हीकडून पट्टा ओढून मनगटावर गुंडाळला की घड्याळ तयार. हे सगळं करायला त्याला जेमतेम मिनिट लागायचं. घड्याळ नको असेल तर काडीवर मोर, पोपट, विंचू, फूल, बोटात अंगठी. मुलींना बांगडी. आणि जाता जाता, त्याच्या मर्जीनं, उरलेला चिमूटभर तुकडा तो आमच्या गालावर किंवा नाकाखाली मिशीसारखा चिकटवायचा. तो तुकडा फुकटचा, म्हणून सगळ्यात गोड.

घड्याळ बांधून घरी गेलं की आजी विचारायची, "आरं बाला, किती वाजलं तुज्या घड्यालात?" आम्ही मनगट चाटून सांगायचो, "खायला वाजलं!" आधी दाखवायचं, मग चाटायचं, मग पट्टा थोडा थोडा तोडून दातांत धरून ताणायचा, आणि अगदी शेवटी तबकडी. कोणाचं घड्याळ जास्त वेळ चालतं अशी पैजच लागायची. उन्हात ते घामानं चिकट होऊन मनगटाचे केस ओढायचं, तरी कोणी काढत नसे.

किमतीचीही एक गोष्ट आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. त्याचा कायदा १९५५ सालचा, आणि तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्यांचं बालपण रोह्यात गेलं आणि रोहेकर आजही त्यांना आपला माणूस मानतात. माझ्या वडलांच्या पिढीचं म्हणणं असं, की आण्यात मिठाई घेताना भाव ठरलेला असायचा, नव्या पैशांत मात्र मुलांना मोजता यायला लागलं. एका आण्याचे सहा पैसे धरायचे. पाच पैशांत घड्याळ, तीन पैशांत अंगठी, मोर मात्र दहाचा. तीन पैशांची अंगठी परवडणारं पोरही गिऱ्हाईक ठरायचं, ही त्या धंद्यातली मोठी सोय होती. गोळा एकच, माणूस एकच. पैशांप्रमाणे पट्टी लांब किंवा आखूड.

ही मिठाई तयार कशी होते ते मी एकदाच पाहिलं, रोह्याला मामीच्या माहेरी गेलो होतो तेव्हा. दसरा झाला की रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस महाराजांना सलामी देतात आणि सारं गाव पालखीबरोबर जागं असतं. त्या गर्दीसाठी आदल्या दिवशी तीन मिठाईवाले आले होते आणि कुंडलिकेच्या बाजूला एका पडवीत त्यांनी चूल मांडली होती. आम्ही दोघं-तिघं पोरं दाराशी उभे राहिलो आणि त्यांनी हाकललं नाही.

कढईत साखर आणि पाणी. पाक उकळायला लागला की त्यात लिंबू पिळलं. आमच्या घरी आई पाकात लिंबू घालायची ते मळी काढायला, एवढंच मला माहीत होतं. त्याचं खरं काम पुढे शिक्षक झाल्यावर पुस्तकात वाचलं. साखरेचा पाक आटला की तिला पुन्हा दाणा धरायचा असतो, तो तिचा स्वभावच. लिंबाच्या आंबटपणानं काही साखर फुटते आणि तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे वेगळ्या आकाराचे कण मध्ये मध्ये येतात आणि बाकीच्या साखरेला रांगेत बसू देत नाहीत. दाणा धरत नाही म्हणून पाक लवचीक राहतो. आमच्या बायकांचं एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे जे मोजमाप आहे, ते खरं तर उष्णतेचंच मोजमाप. पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते तेव्हा पाक साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सियसवर असतो. गोळी घट्ट व्हायला लागते ती १२० च्या पुढे, आणि १५० च्या आसपास गेला की थंड झाल्यावर काचेसारखा कडकन तुटतो. ताणायच्या मिठाईला मधली जागा पकडावी लागते. थोडा कमी आटला तर बांबूवरून ओघळेल, थोडा जास्त आटला तर घड्याळाचा पट्टा मनगटावरच मोडेल. त्या पडवीत मापायला काही नव्हतं. म्हातारा मिठाईवाला एका वाटीतल्या पाण्यात थेंब टाकायचा, बोटांनी दाबायचा आणि कानाशी नेऊन ऐकल्यासारखं करायचा. तिसऱ्या थेंबाला त्यानं कढई उतरवली.

पाक तेल लावलेल्या दगडावर ओतला. तेव्हा तो पारदर्शक, मधाच्या रंगाचा होता. कडा निवायला लागल्या की त्या आत दुमडायच्या, पुन्हा कडा, पुन्हा दुमड. हात भाजत नाही पण चटका बसतो, इतका निवला की त्याची वेटोळी उचलून खांबाला ठोकलेल्या खुंटीवर टाकायची, दोन्ही हातांनी ओढायची, लांबली की पुन्हा खुंटीवर. हे काम तरण्या मुलाचं. प्रत्येक वेळी ओढलं की पाकात हवा कोंडली जाते. त्या बारीक बुडबुड्यांवर उजेड विखुरतो आणि मधाचा रंग बघता बघता दुधासारखा पांढरा होतो. त्या रात्री ते पाहून मला वाटलं की यांनी गुपचूप दूध घातलं. घातलं काहीच नव्हतं. ती नुसती हवा होती. एकदा दुमडलं की दोन पदर, पुन्हा दुमडलं की चार, मग आठ. दहाव्या दुमडीला हजारावर पदर होतात. मिठाई दातांत हलकी आणि रेशमासारखी लागते ती या पदरांमुळे.

ही विद्या एकट्या आपल्या मुलखाची नाही. आपल्याकडे रेवडी अशीच खुंटीवर ओढून करतात आणि मग तिळात घोळवतात. सोनपापडीत ओढलेल्या साखरेत भाजलेलं पीठ मिसळलं की तिचे केसासारखे धागे होतात. इराणातली पश्मक आणि तुर्कस्तानातली पिश्मानिये ही तिची सख्खी भावंडं. चीनमध्ये 'ड्रॅगनची दाढी' म्हणून असेच धागे ओढतात. अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठी १८८० नंतरच्या वर्षांत टॅफी नावाची ओढलेली मिठाई गाजली, आणि हातानं ओढायचं काम करायला पुढे यंत्रं निघाली. आपला झांजवाला दक्षिणेतही भेटतो. तमिळ मुलखात या मिठाईला जव्वु मिठाई म्हणतात, म्हणजे ताणली जाणारी मिठाई. तिकडे बऱ्याच ठिकाणी तिला 'बॉम्बे मिठाई' हेही नाव आहे. गंमत अशी की मुंबईच्या खाडीपलीकडे राहणाऱ्या आम्हा लोकांना ती मुंबईची वाटलीच नाही. आमच्या दृष्टीनं ती जत्रेची.

आणि जत्रेची असण्याला कारण होतं. साखर हवेतलं पाणी शोषते. आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर फुटतो, मीठ बरणीत विरघळतं, तिथं ओढलेल्या साखरेची काय कथा? गणपतीत आणि त्यानंतरच्या साखरचौथीला पेणमध्ये कितीही गर्दी असो, झांजवाला तेव्हा दिसायचा नाही. साखरचौथीच्या नावातच साखर आहे, पण हवा अजून ओली असते. तो उगवायचा दसऱ्याला, रोह्याच्या पालखीला. मग कार्तिकीला खोपोलीजवळ साजगावच्या बोंबल्या विठोबाची यात्रा. तिथं सुक्या मासळीच्या राशींशेजारी ही मिठाई विकली जायची आणि कोणाला त्यात विपरीत वाटायचं नाही. मार्गशीर्षात चौलच्या दत्ताची जत्रा, माघात पालीला बल्लाळेश्वर, आणि चैत्रात गावोगावचे पालखी उत्सव. मधल्या दिवसांत गावं, वाड्या, शाळा. वैशाखाच्या उन्हात मिठाई बांबूवर घसरायला लागली की तो गेलाच. कोरड्या हवेचे सहा-सात महिने हा त्याचा हंगाम, आणि शेतकऱ्याच्या हातात भाताचे पैसे येण्याचाही तोच हंगाम. दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणून धंदा टिकला.

माझा एक मामा पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला होता. पेणमध्ये मूर्तिशाळेला कारखानाच म्हणतात. मामा शाडूकाम करायचा, विशेषतः हात आणि सोंड. त्याला या मिठाईवाल्याचं फार कौतुक. म्हणायचा, "आमची माती वाळली तर पाणी लावता येतं. याची साखर थंड झाली की संपलं. तरी हा हसत काम करतो." दोघांच्या कामात साम्य होतंच. शाडू आणि साखर दोन्ही नरम असतानाच ऐकतात. पण कारखान्यात तोवर साचे आले होते. एक मूर्ती हातानं घडवायची आणि साच्यातून तशाच शेकडो काढायच्या. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठीही साच्यातच होतात. झांजवाल्याकडे साचा नव्हता. असता तर त्याचा धंदाच चालला नसता. कारण पोरांनी पैसे दिले ते नुसत्या मिठाईचे नव्हते, तर आपल्यासमोर आपल्यासाठी होणाऱ्या वस्तूचे. "काटे सव्वानऊवर ठेवा." "मोराची मान वळलेली पाहिजे." असं सांगता यायचं आणि तो ऐकायचा. शाळेत, घरात, शेतावर आमचं कोणी ऐकत नव्हतं त्या वयात एक मोठा माणूस आमच्या हुकमाप्रमाणे काम करायचा, हे सुख पाच पैशांत मिळायचं.

मामानं एकदा त्याला गंमतीत म्हटलं, "भय्या, एक गणपती करून दाखव की. सोंड मी सांगतो कशी ते." झांजवाला क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही शेठ, देव नाही करत. ही खायची चीज आहे. पोरगं आधी डोकंच चावतं." मग त्यानं पट्टी ओढून एक उंदीर केला, शेपटीसकट, आणि मामाच्या तळहातावर ठेवला. "हा खाल्ला तर चालेल," म्हणाला. मामा पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगायचा. म्हणायचा की त्याला आपल्या मालाची मर्यादा ठाऊक होती. घड्याळ, अंगठी, बांगडी, मोर, विंचू: खाऊन संपल्यावर कोणाला वाईट वाटणार नाही अशाच वस्तू तो करायचा. आणि त्यातही बहुतेक वस्तू अशा, की ज्या आमच्या घरात कधी येणार नव्हत्या. आमच्या वाडीत तेव्हा मनगटी घड्याळ एकाच माणसाकडे होतं, तो मुंबईच्या गिरणीत होता.

सगळ्यांकडे पाच पैसेही नसायचे. मिठागरावर काम करणाऱ्यांची पोरं आणि कातकरवाडीची पोरं गर्दीच्या मागे उभी असायची. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायची, म्हणजे झांजवाल्याचा हंगाम सुरू झाला की ती पोरं गावातून निघून गेलेली. राहिलेली काही पोरं भंगार गोळा करून आणायची. फुटक्या बाटल्या, गंजलेला नाल, पत्र्याचा डबा. झांजवाला ते पोत्यात टाकायचा आणि अंगठी द्यायचा. कोणी ओंजळभर भात आणायचं, तेही चालायचं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आहे. गावातले काही लोक कातकऱ्याच्या पोराला पाणी वरून ओतायचे. झांजवाला त्याच पोराचा हात धरून मनगटावर घड्याळ गुंडाळायचा, आणि मग त्याच हातांनी पाटलाच्या पोराचं करायचा. त्याबद्दल एका बाईनं हटकलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, साखर सगळ्यांना सारखीच चिकटते." बाई पोराला ओढत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तेच पोर एकटं आलं.

दरम्यान बाहेर साखरेचं जग बदलत होतं. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग घाटावर कारखान्यांची रांग लागली. गोळ्या-चॉकलेटांचे कारखाने त्याआधीच उभे राहिले होते. विलेपार्ल्याचं पार्ले १९२९ चं, त्यांनी सुरुवात केली ती गोळ्यांपासून, बिस्किटं नंतर आली. नाशिक जिल्ह्यात वालचंद हिराचंदांनी १९३३ साली रावळगावचा साखर कारखाना काढला आणि पुढच्या दशकात तिथं गोळ्या होऊ लागल्या. १९६३ साली पार्लेची किसमी आली. ती चावायला चिवट, दातांत ताणली जाणारी. कागदात गुंडाळलेली असल्यानं पावसाळ्यातही टिकायची. वाण्याच्या बरणीत बाराही महिने मिळायची. झांजवाल्याला पहिला धक्का या कागदानं दिला.

दुसरा धक्का बबलगमचा. फिलाडेल्फियाच्या फ्लिअर कंपनीत वॉल्टर डीमर नावाचा एक हिशेबनीस फावल्या वेळात मिश्रणं करून बघायचा. त्याच्याकडून १९२८ साली चांगला फुगणारा बबलगम जमला. जवळ गुलाबीच रंग होता म्हणून तो गुलाबी झाला, आणि मग जगभर गुलाबीच राहिला. तो आमच्या खेड्यात पोचायला पुढची बरीच वर्षं गेली. नव्वदच्या दशकात बूमर आणि बिग बबूल आले. १९८६ पर्यंत आपट्याहून रेल्वे रोह्याला पोचली होती, मुंबई-गोवा रस्त्यानं टेम्पो धावत होते, आणि पानटपरीवर माळांनी गम लटकायला लागले. ताणायची, फुगवायची हौस त्यात भागायची. शिवाय तो संपत नसे. पण त्याचं घड्याळ होत नव्हतं.

तिसरी गोष्ट मी जवळून पाहिली. तेव्हा मी खारेपाटातल्या एका शाळेत शिक्षक होतो. एका वर्षी गावात काविळीची साथ आली. सतरा-अठरा मुलं अंथरुणाला खिळली, त्यात माझ्या वर्गातली पाच. गावानं सभा घेऊन उघड्यावरचं सगळं बंद केलं, बर्फाचे गोळे, चिंचा, बोरं आणि झांजवाला. त्याला सांगायचं काम शाळेकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. तो फाटकाशी उभा होता, झांजा वाजवत होता, आणि मुलं खिडकीतून बघत होती. मी सांगितलं तसा त्यानं दोरी सोडली. वाद घातला नाही. त्यानं विचारलं, "मुलं बरी आहेत ना, मास्तर?" मी म्हटलं, "तिघं दवाखान्यात आहेत." त्यानं बांबू खांद्यावर घेतला आणि पाण्याचा तांब्या मागितला. हापशावरून नाही, विहिरीवरून दिला.

पुढे पाण्याची तपासणी झाली. खराब होतं ते विहिरीचंच पाणी. विहिरीत औषध पडलं, नंतर नळ आला. बर्फाचे गोळेवालाही वर्षभरात परतला, कारण तो गावातलाच होता आणि सभेत बोलू शकत होता. झांजवाला परगावचा. त्याला बंदी उठली असं कोणी कळवलं नाही, आणि कळवायचं तर कुठल्या पत्त्यावर? साथ कशामुळे आली हे कळायच्या आधी गावाला काहीतरी करणं भाग होतं, हे मी मान्य करतो. मुलं आजारी असताना कोणतंही गाव तेच करील. पण अशा वेळी जो बाहेरचा असतो त्याच्यावर आधी बोट जातं आणि ते मागे घ्यायला कोणाला आठवत नाही, हेही मी तिथंच पाहिलं.

रंगाचा प्रश्न मात्र खरा होता, तो नाकारून चालणार नाही. त्या लखलखीत गुलाबी पट्ट्यात काय असायचं हे आम्ही कधी विचारलं नाही. कापड रंगवायचा रोडामाइन बी नावाचा रंग स्वस्त असतो, पाण्यात सहज विरघळतो आणि डोळ्यांत भरतो. खाण्यात त्याला बंदी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारनं म्हातारीच्या केसांच्या, म्हणजे कापूसमिठाईच्या, विक्रीवर बंदी घातली ती याच रंगामुळे. आठवणीतली मिठाई होती म्हणून ती शुद्धच होती असं म्हणणं म्हणजे मुलांच्या पोटाशी खेळ. ज्याला आज हे काम करायचं असेल त्यानं बीट, हळद, कोकम वापरावं. कोकमाचा रंग तर आपल्याच मातीतला, आणि त्याचा आंबटपणा पाकात लिंबाचं कामही करू शकेल. हात झाकावेत, बांबूवरचा गोळा झाकावा. त्यात खेळ कमी होत नाही.

कारखान्यांचंही सगळं अमर नसतं. २०२४ सालीच रावळगावच्या गोळ्यांची नावं, पान पसंद आणि मँगो मूडसकट, रिलायन्सनं २७ कोटी रुपयांना विकत घेतली. बातमी वाचून गावातली माझ्या वयाची माणसं हळहळली. नावं विकली जाऊ शकतात, कारण ती कागदावर असतात. झांजवाल्याकडे विकण्यासारखं नाव नव्हतं. त्याचं सगळं हातात होतं, आणि ते शिकायला त्याचा मुलगा खुंटीशी उभा राहिला तरच पुढे जाणार होतं. रोह्याच्या पडवीत पाक ओढणारा तो तरणा मुलगा मला नंतर एकदा भेटला, नागोठण्याच्या नाक्यावर. रसाचं गुऱ्हाळ चालवत होता. खांदे अजून तसेच रुंद. मी आठवण दिल्यावर त्यानं तळवे उलटे करून दाखवले. चटक्यांच्या जुन्या खुणा होत्या. म्हणाला, "वडील सत्तरीपर्यंत बांबू घेऊन फिरले. मला दुकान पाहिजे होतं, बसायला." त्याला कोण नावं ठेवणार?

माझ्या नातीकडे हल्ली एक डबी असते. तिच्यात लिबलिबीत गोळा, त्याला स्लाइम म्हणतात. ती तो तासन् तास ओढते, दुमडते, पुन्हा ओढते. खुंटी नाही एवढाच फरक. मुलांच्या हातांना ही ओढ कायमचीच असावी. डबीवर लिहिलेलं असतं की खाऊ नये. आणि तिच्या खिशातल्या गोळीचा आकार कारखान्यानं आधीच ठरवलेला असतो, तिनं फक्त कागद काढायचा. हाताचा खेळ एकीकडे गेला आणि तोंडाची चव दुसरीकडे.

मागच्या माघात आम्ही पालीला गेलो होतो. जत्रेत एक तरुण बांबू घेऊन उभा दिसला. बाहुलीच्या हातात झांजा, मिठाईवर स्वच्छ प्लास्टिक, हातात मोजे. घड्याळ तीस रुपये. नातीनं घड्याळ मागितलं नाही. तिनं मोबाइल मागितला. त्यानं पट्टी ओढली, चौकोन केला, गुलाबी ठिपक्यांची बटणं लावली आणि विचारलं, "कॅमेरा किती, एक का दोन?" ती म्हणाली, "तीन." त्यानं तीन ठिपके लावले. ती तो मोबाइल कानाला लावून गाडीपर्यंत बोलत आली आणि घाट चढायच्या आत तिनं तो खाऊन टाकला.